ओशटपणाशी झगडा

उन्हातले जंबुपार किरण, ज्यांना आज आपण अतिनील म्हणतो, ते अडविण्यापेक्षा मलमाचा ओशटपणा घालविणेच रसायनशास्त्राला अधिक जड गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना तांबडे पेट्रोलॅटम मिळे. व्हॅसलिनच्या जातीचे हे दाट मलम अंगाला लागे तसे कपड्यांनाही चिकटे. प्राणावर बेतलेला माणूस ते सोशील. हौसेने कोण लावणार?

१९३८ मध्ये पिझ बुइन शिखर चढताना फ्रान्झ ग्रायटर हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी उन्हाने होरपळला. १९४६ मध्ये त्याने आपले मलम काढले. नंतरच्या हिशेबाने त्याचा संरक्षणांक जेमतेम दोन भरतो. हा अंकही १९७४ मध्ये ग्रायटरनेच रूढ केला. तो मोजताना दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावतात. माणसे सहसा त्याच्या निम्मे, किंवा त्याहूनही कमी लावतात. चिकट मलम कोण थापून घेईल? मग बाटलीवरचा अंक बाटलीवरच राहतो!

म्हणून हलकेपणा ही केवळ चैन नव्हे. तेलाच्या जागी चटकन उडून जाणारी सिलिकोन आली. झिंक ऑक्साइडचे भरड कण दृश्य प्रकाश विखुरतात. सावळ्या चेहऱ्यावर ते राख फासल्यासारखे दिसतात. ते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून बारीक केले की पांढुरकेपणा ओसरतो, किरण मात्र अडतात. टिटॅनियम डायऑक्साइड बारीक केले तर कातडीत खोल शिरणाऱ्या किरणांना होणारा अटकाव उणावतो. त्याला दुसऱ्या द्रव्याची जोड द्यावी लागते.