माणशी किती?

कारखान्याची भरभराट जोखताना आपण आधी त्याचा हजेरीपट पाहतो. संगणकाच्या धंद्यातले जाणकार मात्र माणशी उत्पन्न विचारतात: वर्षाची मिळकत भागिले माणसे.

इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांवर काढली. मार्च २०१४ अखेर तिच्या पटावर १,६०,४०५ माणसे होती, आणि माणशी उत्पन्न सुमारे ५१ हजार डॉलर. मार्च २०२३ पर्यंत पट दुपटीच्या वर गेला. माणशी आकडा मात्र ५३ हजारांपाशीच रेंगाळला. परक्याचे काम करून द्यायचे, तर नवे काम म्हणजे नवे हात! मायक्रोसॉफ्टची रीत निराळी. एकदा लिहिलेली आज्ञावली ती कोट्यवधींना विकते; तिचा माणशी आकडा २०१४ मध्ये पावणेसात लाख डॉलर होता, तो २०२४ मध्ये पावणेअकरा लाख झाला.

या तुलनेत आपली कंपनी कोती दिसते खरी. पण वाचकहो, त्या कोतेपणावरच किती मध्यमवर्गीय घरांच्या चुली पेटल्या! पुढे एकाच वर्षात, मार्च २०२४ अखेर, इन्फोसिसचा आकडा ५८ हजारांवर चढला. मिळकत जेमतेम दोन टक्क्यांनी वाढली होती. पट सुमारे २६ हजारांनी उतरला होता.