नदीच्या दरडीतला इतिहास

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत दगडांवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या पोरांना इतिहास म्हणजे राजे आणि लढाया एवढेच ठाऊक असते. ज्यांनी शिलालेख कोरले नाहीत, त्यांचा इतिहास शोधायचा कुठे? नदीच्या दरडीत.

आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले प्रवरा नदीकाठचे नेवासे लोकांना ज्ञानेश्वरीमुळे माहीत आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. दरडीच्या तळाशी सिमेंटसारखा घट्ट झालेला गोट्यांचा थर. त्यात काळ्या पाषाणाच्या हातकुऱ्हाडी व फरश्या, काही लाख वर्षांपूर्वीच्या. त्याच्या वरच्या काळातल्या थरात गारगोटीच्या जातीच्या दगडांची लहान, धारदार हत्यारे. जवळच्याच चिरकी येथे १९६६ ते १९६९ मध्ये गुद्रुन कॉर्विनस या जर्मन विदुषींनी अशीच प्राचीन वस्ती उजेडात आणली.

आता हे थर काय सांगतात बघा. वेगाचे पाणी गोटे लोटत आणते, संथ पाणी गाळ बसवते. म्हणजे एकच नदी, पण कधी दांडगी तर कधी मंद. कधी तिने पात्र भरून टाकले, कधी पुन्हा तोच गाळ कापत खाली गेली. चाळीसगावजवळ पाटणे येथे एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. एका तुकड्यावर तर नक्षी कोरलेली! शहामृग हा उघड्या माळरानाचा पक्षी. आज तो आपल्या देशात रानात कुठेच नाही. तथागतांनी सांगितलेली अनित्यता इथे हाताने चाचपून बघता येते.

नेवाशाच्याच वरच्या थरांत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी पुरलेले एक लहान मूल सापडले. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ, आणि माळेच्या दोऱ्यात कापूस व रेशीम. मी मिलमध्ये सुताच्या खात्यात राबलेला माणूस. हे वाचले त्या दिवशी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. तो धागा कोणीतरी बोटांनीच पिळला असेल ना? त्या हाताचे नाव कोणत्याच पोथीत नाही.

ती दगडी हत्यारे करणारे आपले थेट पूर्वज होते, असा दावा मी करणार नाही. लाखो वर्षांपूर्वीचे ते मानव आपल्यासारखेही नव्हते. पण एक गोष्ट पक्की. दगड कुठे ठोकला की कसा फुटतो, हे ज्ञान कष्टाच्या हातांनी मिळवले आणि एकमेकांना शिकवले. त्या दगडावर जात लिहिलेली नाही. ज्ञान जन्माने मिळते म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

१९५६ साली दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी नाग लोकांची आणि आपल्या नाग नदीची आठवण करून दिली होती. आज तीच नाग नदी आपण नाला म्हणून ओळखतो. आपल्या विदर्भातही चंद्रपूरची पापामियाँ टेकडी अश्मयुगीन हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे, आणि नागपूरला लागून जुनापाणीची शिलावर्तुळे आहेत. ती रिव्हेट-कार्नॅक यांनी खोदून पाहिली.

बांधवांनो, मुलांना एकदा तिथे न्या. वेगळा घडवलेला दगड दिसला तर उचलून आणू नका. जागा सोडली की दगड मुका होतो. पुरातत्त्व खात्याला कळवा. टेकड्या फोडल्या जात आहेत, नदीची रेती उपसली जात आहे, आणि त्याबरोबर बिननावाच्या माणसांचा एकमेव पुरावाही जातो आहे. आपला इतिहास पुसला गेल्याचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक? म्हणून तो जपायचे कामही आपलेच.

जयभीम!