ताम्र-निकेल आणि निकेल : भारतीय नाण्यांच्या धातूबदलाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
'खणखणीत नाणे' हा मराठीतील वाक्प्रचार चांदीच्या रुपयाच्या काळातील आहे. रुपया वाजवून घ्यावा आणि बद्द वाजला तर परत करावा, अशी व्यवहाराची रीत होती. गोंदिया जिल्ह्यातील कोहमाऱ्यासारख्या, टांकसाळीपासून शेकडो मैल दूर असलेल्या गावी धातूची परीक्षा करण्यास दुसरे साधन नव्हते. विसाव्या शतकात चांदीची जागा प्रथम ताम्र-निकेलने व पुढे शुद्ध निकेलने घेतली. हा बदल आर्थिक निकडीतून झाला. परंतु त्याचे यशापयश धातूंच्या गुणधर्मांवर अवलंबून राहिले, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

धातूंचे गुणधर्म :
तांबे व निकेल कोणत्याही प्रमाणात एकमेकांत पूर्णपणे मिसळतात. नाण्यांसाठी सामान्यतः ७५ टक्के तांबे व २५ टक्के निकेल असे प्रमाण वापरले जाते. तीन चतुर्थांश तांबे असूनही या मिश्रधातूचा रंग रुपेरी असतो. त्यावर गंज चढत नाही आणि ठसा उमटविण्यास तो फारसा कठीण नसतो. मात्र तो लोहचुंबकाकडे ओढला जात नाही. शुद्ध निकेल चुंबकीय आहे. त्याचा वितळणबिंदू १४५५ अंश सेल्सिअस, म्हणजे तांब्याच्या १०८५ अंशांहून बराच अधिक आहे. त्यामुळे साध्या भट्टीत निकेल वितळवून ओतणे अवघड जाते. परंतु त्याच्या कठीणपणामुळे टांकसाळीतील ठसेही लवकर झिजतात. दोहोंची घनता जवळजवळ सारखीच असल्याने केवळ हातात तोलून त्यांतील भेद कळत नाही.

ताम्र-निकेलचा प्रयोग :
ताम्र-निकेल हा धातू आधुनिक काळाची देणगी नव्हे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजांनी या मिश्रधातूची नाणी पाडली होती. ब्रिटिश भारतात १९०६ च्या नाणे अधिनियमानंतर, १९०७ पासून मुंबईच्या टांकसाळीतून ताम्र-निकेलचा नागमोडी कडेचा एक आणा निघू लागला. पहिल्या महायुद्धात चांदीची तीव्र टंचाई निर्माण झाली. १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून चांदी उपलब्ध करून दिली, तरी लहान नाण्यांतील चांदी वाचविणे आवश्यकच होते. त्यानुसार १९१८ मध्ये चौकोनी चवली व १९१९ मध्ये अष्टकोनी पावली आणि गोल अधेली ताम्र-निकेलमध्ये आली.

आणा व चवली टिकली. अधेली मात्र बनावट नाण्यांच्या सुळसुळाटामुळे थोड्याच वर्षांत मागे घ्यावी लागली. याचे कारण समजण्याजोगे आहे. एका आण्याची नक्कल करण्यात श्रमाच्या मानाने लाभ अल्प होता. अर्ध्या रुपयाच्या नकलेत तो भरपूर होता. आणि पांढऱ्या दिसणाऱ्या स्वस्त मिश्रधातूपासून ताम्र-निकेल वेगळे ओळखण्याची सोपी कसोटी सामान्य माणसाजवळ नव्हती. फसगतीचा भार अर्थातच नाणे घेणाऱ्यावर पडत असे.

शुद्ध निकेलचा रुपया :
दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आली. उरलेल्या भागात ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त होते. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करावयाची असल्याने चलनातील चांदी काढून घेणे क्रमप्राप्त झाले. १९४६-४७ मध्ये पावली, अधेली व रुपया शुद्ध निकेलमध्ये आले. एक व दोन आण्यांसाठी मात्र ताम्र-निकेलच पुरेसे मानले गेले. मोठ्या मूल्यास निकेल व लहान मूल्यास ताम्र-निकेल ही विभागणी १९१९ च्या अनुभवाशी सुसंगत होती. १९५० मधील प्रजासत्ताकाच्या पहिल्या मालिकेत आणि १९५७ च्या दशमान पद्धतीतही ती चालू राहिली.

निकेलपासून माघार :
निकेलसाठी भारतास आयातीवर अवलंबून राहावे लागे. १९७२ पासून २५ व ५० पैसे, तर १९७५ पासून रुपया ताम्र-निकेलमध्ये आला. रुपयाचे वजन १० ग्रॅमवरून ८ ग्रॅम आणि १९८३ मध्ये ६ ग्रॅम झाले. १९८८ पासून लहान नाण्यांत व १९९२ पासून रुपयात निकेलविरहित फेरिटिक पोलाद आले. या रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम होते.

निष्कर्ष :
एकाच ताम्र-निकेलने १९१९ मध्ये अधेलीस अपयश दिले आणि १९७५ मध्ये रुपयास यश दिले. मिश्रधातूचे गुणधर्म बदलले नव्हते. रुपयाची क्रयशक्ती मात्र एवढी घटली होती की त्याची नक्कल करणे पूर्वीइतके लाभदायक उरले नव्हते. म्हणून नाण्याच्या धातूची योग्यता गुणधर्मांच्या कोष्टकावरून एकट्याने ठरत नाही. नाण्याचे मूल्य, नकलेची सुलभता आणि घेणाऱ्याजवळील कसोटी या तिन्हींच्या मेळातून ती ठरते.