घरचे चषक आणि बाहेरचा रस्ता

भारतीय फुटबॉलच्या नोंदी चाळताना मुंबईच्या महिंद्रा युनायटेड या क्लबाची यादी पाहिली, की कोणाही वाचकाला तिचा हेवा वाटावा. १९९८, २००१ आणि २००८ असा तीनदा ड्युरँड कप. २००३ आणि २००५ साली फेडरेशन कप. २००६ आणि २००८ साली कोलकात्याची आय.एफ.ए. शील्ड. आणि २००५-०६ च्या हंगामात नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे देशाचे अजिंक्यपद. देशात जिंकण्याजोगे जे काही त्या काळी होते, ते बहुतेक सगळे या क्लबाने जिंकले. १९६२ साली एका जीप बनवणाऱ्या कंपनीचा संघ म्हणून तो सुरू झाला आणि २०१० साली, कपाटात इतके चषक असताना, कंपनीने तो बंद केला. पुढच्या हंगामात त्याची लीगमधली जागा महासंघाने उभ्या केलेल्या तरुण खेळाडूंच्या संघाला मिळाली.

मोठ्या क्लबाला घरचे चषक पुरतात का, हा प्रश्न जगभर विचारला जातो. युरोपात तो प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. आपल्याकडे तो जगण्यामरण्याचा ठरला, असे मला या नोंदींवरून वाटते. म्हणून तो महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संदर्भात नीट तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी हे चषक कुठून आले ते पाहू. ड्युरँड कप १८८८ साली सिमल्यात सुरू झाला, मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ साली आणि आय.एफ.ए. शील्ड १८९३ साली. तिन्ही स्पर्धा मुळात गोऱ्या पलटणींच्या करमणुकीसाठी होत्या. रोव्हर्स कपचा पहिला विजेताही वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ होता. या स्पर्धांना ‘देशी’ अर्थ आला तो पुढे. १९११ साली मोहन बागानने शील्ड जिंकली, १९३७ साली बेंगळुरू मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स कप नेला, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो आपल्याकडे ठेवला. त्या काळात हे चषक पुरेसे होते का, असे कोणी विचारले नाही, कारण मोजायला दुसरे माप नव्हते. आशियातल्या क्लबांची स्पर्धा १९६७ साली सुरू झाली तरी आपल्या क्लबांचे मन रोव्हर्स, ड्युरँड आणि शील्ड यांतच रमलेले होते. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्सचा अंतिम सामना जिंकला, की वर्ष सार्थकी लागले असे मानणारी ती पिढी होती.

दुसरे माप हातात आले ते एकविसाव्या शतकाच्या आरंभी. २००३ साली ईस्ट बंगालने जाकार्तात थायलंडच्या बीईसी तेरो सासाना संघाला ३-१ असे हरवून आसियान क्लब अजिंक्यपद मिळवले. २००४ पासून ए.एफ.सी. कप सुरू झाला आणि भारतातल्या विजेत्यांना दरवर्षी आशियात जाण्याची वाट मिळाली. याच सुमारास रोव्हर्स कप बंद पडला. पुढे २०१७ नंतर फेडरेशन कपही थांबला आणि त्याच्या जागी सुपर कप आला. चषकावर आयुष्य बेतणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. क्लबाआधी चषकच मरू शकतो, आणि मग त्यावर कोरलेले नाव वाचायला फक्त जुनी वर्तमानपत्रे उरतात.

महिंद्राने या नव्या मापावर काय मिळवले? डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची लीग जिंकल्यावर संघ २००७ च्या ए.एफ.सी. कपात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि लेबनॉनच्या नेजमेहकडून बाहेर पडला. ही कामगिरी वाईट नव्हती. पण तीन वर्षांनी कंपनीने क्लब गुंडाळला तेव्हा दिलेले कारण आशियातल्या पराभवाचे नव्हते. शालेय आणि तळागाळातल्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचे आहे, असे सांगण्यात आले. हे कारण प्रामाणिक मानायला माझी हरकत नाही. तरी त्यातून एक गोष्ट उघड होते. अठ्ठेचाळीस वर्षे चालवलेला क्लब बंद करताना कंपनीला कोणाची परवानगी लागली नाही. क्लबाला सभासद नव्हते, पेठ नव्हती, स्वतःचे गाव नव्हते. कूपरेज सगळ्यांचे होते, म्हणून ते महिंद्राचे असे कधी झालेच नाही. चषक कंपनीच्या कपाटात होते आणि कपाटाची किल्लीही तिच्याकडेच होती.

ही एकट्या महिंद्राची कथा नाही. १९९६-९७ ची पहिली नॅशनल लीग जिंकणारा पंजाबच्या फगवाड्याचा जेसीटी संघ २०११ मध्ये बंद झाला. २००९-१० च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचे चार संघ होते: महिंद्रा, मुंबई एफसी, एअर इंडिया आणि पुणे एफसी. त्यांपैकी पुणे एफसी तर २०१२-१३ मध्ये लीगमध्ये दुसरा आला होता. आज त्या चारांपैकी एकही वरच्या पातळीवर नाही. पुण्यातले पुढचे दोन प्रयोग, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी, हेही काही वर्षांतच आटोपले. मालकाचे मन किंवा ताळेबंद बदलला की क्लब गेला, हा नियमच झाला.

गोव्याकडे वळले की चित्र थोडे बदलते. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत आय-लीगची सहाही अजिंक्यपदे गोव्यातच राहिली: धेंपोची तीन, चर्चिल ब्रदर्सची दोन, साळगावकरचे एक. त्याआधी धेंपोने २००४-०५ आणि २००६-०७ ची नॅशनल लीगही जिंकली होती. आर्मांदो कुलासो यांच्या या संघाने २००८ च्या ए.एफ.सी. कपात सिंगापूरच्या होम युनायटेडला मागे टाकून उपांत्य फेरी गाठली आणि तिथे लेबनॉनच्याच सफाकडून हार पत्करली. देशात पाच वेळा अजिंक्य, आशियात एकदा उपांत्य फेरी, असा हा हिशेब. मग २०१६ साली, दोन लीगच्या नव्या आराखड्यात आपल्याला दुय्यम स्थान मिळणार हे दिसल्यावर, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली.

तरी धेंपो मेला नाही. तो गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला, पोरे घडवत राहिला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आला. मालक इथेही उद्योगपतीच आहेत. फरक एवढाच, की गोव्यात वाड्यावाड्यावर मैदान आहे, चर्चच्या आवारात संध्याकाळी खेळ चालतो आणि धेंपो की साळगावकर हा वाद जेवणाच्या ताटावर रंगतो. राष्ट्रीय लीग सुटली तरी खाली उभे राहायला जमीन होती. महिंद्राच्या खाली ती नव्हती.

जगातली दोन उदाहरणे इथे कामी येतात. ग्लासगोच्या सेल्टिकने १९६७ साली लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ ने हरवून युरोपियन कप जिंकला, तोही ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिघात जन्मलेल्या खेळाडूंच्या जोरावर. त्यानंतर सेल्टिकने घरचे चषक ढिगाने जिंकले, युरोपातला मात्र एकही नाही. तरी त्याचे मैदान भरते. दुसरीकडे पॅरिस सेंट जर्मेनने २०१९-२० मध्ये फ्रान्समधले चारही चषक जिंकले, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो बायर्नकडून एका गोलने हरला आणि काही महिन्यांत प्रशिक्षक थॉमस टुखेल यांना जावे लागले. त्या क्लबाला हवे असलेले मोठे नाव मिळाले ते ३१ मे २०२५ रोजी, इंटरला ५-० ने हरवल्यावर. एका ठिकाणी पुरेसे काय हे मैदानातली माणसे ठरवतात, दुसऱ्या ठिकाणी पैसा घालणारे. दोघांचेही उत्तर आपापल्या जागी खरे आहे.

आता आजच्या मुंबईचा क्लब घेऊ. २०१४ साली स्थापन झालेल्या मुंबई सिटीचा मोठा हिस्सा २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने घेतला. २०२०-२१ मध्ये त्यांनी लीग शील्ड आणि आयएसएल चषक दोन्ही मिळवले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवून ए.एफ.सी. चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब हा मान त्यांनी पटकावला. याच इराकी क्लबाने २०१६ च्या ए.एफ.सी. कपाच्या अंतिम सामन्यात बेंगळुरू एफसीला हरवले होते, हे लक्षात घेतले की त्या विजयाचे वजन कळते. पण २०२३-२४ मध्ये, पुन्हा शील्ड जिंकून गेलेल्या याच मुंबईने गटातले सहाच्या सहा सामने गमावले. त्यात इराणच्या नसाजीविरुद्धचा ‘घरचा’ सामना अंधेरीत न होता पुण्याच्या बालेवाडीत झाला.

या शेवटच्या तपशिलात मला अर्धे उत्तर दिसते. आशियात खेळायचे तर क्लबाकडे नुसता चांगला संघ असून भागत नाही. परवान्यासाठी मैदान, लहान वयाचे संघ, प्रशिक्षित माणसे, कायदेशीर कागद आणि हिशेब दाखवावे लागतात. घरचा चषक एका हंगामात अकरा चांगले पाय विकत घेऊन जिंकता येतो. बाहेरचा रस्ता मात्र क्लबाला विचारतो की तू पाच-दहा वर्षे टिकशील असे काय बांधले आहेस. आशियाचे माप मला म्हणून महत्त्वाचे वाटते. तिथे हरलो तरी तो प्रश्न विचारला जातो, हाच फायदा. शिवाय घरचा चषक हे त्या रस्त्याचे दार असते. २०२५ चा सुपर कप जिंकल्यामुळे एफसी गोवाला आशियाची पात्रता फेरी मिळाली आणि ऑगस्टमध्ये फातोर्ड्यात ओमानच्या अल सीबला २-१ ने हरवून तो सौदीच्या अल नस्रच्या गटात गेला. उलट २०२४ मध्ये मोहन बागान सुरक्षेच्या कारणावरून इराणमध्ये तब्रीझला खेळायला गेला नाही आणि स्पर्धेतून बाद धरला गेला. कारण योग्य असेल वा नसेल, देशातल्या शील्डने उघडलेले दार त्या वर्षी तिथेच बंद झाले.

उरलेले अर्धे उत्तर कोल्हापुरात आहे. तिथे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा तालीम असे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. त्यांनी देशाची लीग जिंकलेली नाही, आशियाचा तर विषयच नाही. तरी पाटाकडील आणि शिवाजी समोरासमोर आले की गॅलरी भरते. या क्लबांना पेठ आहे, तालीम आहे, म्हणून गावातला चषक त्यांना पुरतो आणि कोणा कंपनीच्या ठरावाने ते बंद होत नाहीत. पण पेठेला पुरले म्हणून पोराला पुरत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्याला वाट मिळाली ती पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून. घरच्या चषकावर समाधान मानणारी व्यवस्था प्रेक्षकाला सुख देते, खेळाडूला शिडी देत नाही. महिंद्रा बंद झाला तेव्हा मुंबईच्या पोरांची एक शिडी गेली, हे त्या चषकांच्या यादीपेक्षा मोठे नुकसान होते.

आमच्या वाशीमहून पाहताना ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. विदर्भाच्या क्रिकेट संघाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, मग २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही. त्याआधीच्या सहा दशकांत तो अंतिम फेरीतही गेला नव्हता. इकडच्या माणसाला तो करंडक पुरेपूर पुरला, कारण जिंकणारे नाव विदर्भाचे होते आणि तो संघ उद्या कोणी विकून टाकेल ही भीती नव्हती. ‘पुरते का’ हा प्रश्न चषकाच्या उंचीशी कमी आणि क्लब कोणाचा याच्याशी अधिक बांधलेला आहे, तो असा.

वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या घराण्यातल्या पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले आणि सम्राट ही पदवी घेतली. अश्वमेध हा त्या काळचा सर्वांत मोठा चषकच म्हणायचा. पण आज वाकाटकांचे नाव सामान्य वाचकाला ठाऊक असते ते अजिंठ्यामुळे. तिथले सोळावे लेणे वत्सगुल्म शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतले. यज्ञातला घोडा परत आला आणि सोहळा संपला. लेणे मात्र पुढच्या माणसांना वापरता आले.

म्हणून माझे मत असे. घरचे चषक जिंकावेत, त्यांना तुच्छ लेखू नये. आशियात जावे, हरले तरी जावे. पण क्लब मोठा ठरवताना आधी तीन प्रश्न विचारावेत: मालक उठून गेला तर तो उरेल का, त्याचे मैदान त्याचे आहे का, आणि त्याच्या दारातून गावातले पोर वरच्या पायरीवर जाते का. महिंद्राकडे पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर नव्हते. धेंपोकडे तिसऱ्याचे होते, त्यावर तो तरला. २०२५-२६ चा हंगामही महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराच्या वादात अडकला होता. आत्ता मैदानात असलेल्या क्लबांपैकी किती जण या तिन्ही प्रश्नांना होकार देऊ शकतील, याची मोजणी व्हायला हवी, आणि ती चषकांच्या मोजणीआधी.