जीनगराचा टाका

म्हैसूरच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीवरील सुवर्ण-अंबारी सर्वांचे लक्ष वेधून घेते. पुढेमागे चालणाऱ्या घोडेस्वारांच्या खोगिरांकडे क्वचितच कोणाची दृष्टी जाते. इतिहासलेखनाचेही तसेच झाले आहे. घोडा आणि स्वार बखरींत आले. ज्याच्या टाक्यावर स्वाराचा तोल अवलंबून होता, तो कारागीर मात्र बाहेरच राहिला.

मराठी भाषेने त्याचे नाव तेवढे जपले. 'जीन' हा फारसी शब्द. जीन करणारा तो जीनगर. मराठी लष्करात बारगिराला घोडा सरकारातून मिळे, तर शिलेदार घोडा व सामान स्वतःचे आणी. ही शिलेदारी म्हैसूर संस्थानातही रुजली आणि तिथल्या फौजेच्या नावात 'सिल्लेदार' या रूपाने राहिली. जीन पदरच्या पैशाने घेणाऱ्या स्वाराला ते वर्षानुवर्षे टिकणे अगत्याचे होते. म्हणून जीनगराच्या कामाची परीक्षा सौंदर्यापूर्वी विश्वासाची होती.

जिनाची शिवण हा या विश्वासाचा गाभा होय. एका मेणवलेल्या धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरच्या बाजूंनी जातात. एका बाजूचा धागा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूने गेलेला धागा शिवण धरून ठेवतो. इलायस हौ याने १८४६ मध्ये अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याचा टाका याहून वेगळा: तिथे दोन स्वतंत्र धागे कातड्याच्या आत एकमेकांना अडकतात, आणि एक तुटला की शेजारचे टाके सैल होऊ लागतात. यंत्राने वेग दिला. पण ताण सोसणाऱ्या शिवणीसाठी हाताचे महत्त्व संपले नाही.

आज चामड्याची पिशवी हाताने शिवू पाहणारा नवशिका हाच टाका प्रथम गिरवतो. शिवणीच्या तिप्पट-चौपट लांबीचा धागा घ्यावा लागतो, हे त्याला धागा अपुरा पडल्यावर उमगते. सुयांचा क्रम एकदा चुकला की टाक्यांचा कल बदलतो. एक हात अधिक ओढला की कातडे आकसते. चूक झाकता येत नाही, कारण आरीचे छिद्र बुजत नाही. शेवटी दोन-तीन टाके उलट घेऊन धागा बंद करावा, एवढी ही विद्या. ती अंगवळणी पडायला मात्र बराच काळ लागतो.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, स्वारांचे पथक मोडले आणि जिनाची मागणी ओसरली. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमधील जीनगर धातूचे ओतकाम, दगडी कोरीवकाम, चित्रकला, कुलुपे आणि घड्याळांची दुरुस्ती असे नाना उद्योग करताना दिसतात. आश्रय गेला तरी हात रिकामे राहिले नाहीत.

परंतु या कौशल्याच्या गौरवात एक प्रश्न दडपून जाऊ नये. कातडे कमावणारा ढोर, वहाणा शिवणारा चांभार आणि जीन शिवणारा जीनगर यांच्यात समाजाने पायऱ्या केल्या. एकाच कातड्याला जितके हात लागले, तितक्या प्रतिष्ठेच्या पातळ्या ठरल्या. आणि ज्या हाताने ते प्रथम जनावरापासून वेगळे केले, त्याच्या वाट्याला अस्पृश्यता आली.

ही उतरंड ओळखून काहींनी स्वेच्छेने नवशिकेपण पत्करले. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी चपला करण्यास शिकले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला आणि मृत जनावरांच्या चामड्याच्या कामाला तिथे स्थान दिले. हे धैर्य मोठेच. तथापि निवडून घेतलेले काम सोडताही येते, जन्माने लादलेले सोडता येत नाही. या दोन शिकाऊंमधले अंतर विसरून श्रमप्रतिष्ठेची चर्चा करणे म्हणजे एकाच सुईने शिवण घालणे होय.

दोन सुयांचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. या शिवणीचा इतिहासही तसाच लिहिला जावा: पृष्ठभागावर कारागिराचे कौशल्य आणि पाठीमागे त्याला भोगावी लागलेली अवहेलना, आणि दोन्हींतून जाणारा धागा एकच.