भारतातली पहिली रेल्वे कुणाच्या पैशांवर धावली? ५ टक्के हमीचा हिशेब

१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची एक गाडी ठाण्याकडे निघाली. तीन इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरचा प्रवास. हा प्रसंग आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेला असतो.

पण ही गाडी सरकारच्या मालकीची नव्हती. ती होती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे 'जीआयपी' या लंडनमधल्या खासगी कंपनीची. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी या रेल्वेसाठी पुढाकार घेतला होता. भांडवल मात्र जवळपास सगळं ब्रिटनमधून आलं. आणि रेल्वे तोट्यात गेली, तर ती तूट भारतातल्या लोकांनी भरलेल्या करातून भरून काढायची, असं करारातच ठरलं होतं.

५ टक्के हमी म्हणजे नेमकं काय?

ऑगस्ट १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने, म्हणजेच तेव्हाच्या भारतातल्या सरकारने, दोन रेल्वे कंपन्यांशी करार केले. एक जीआयपी आणि दुसरी बंगालमधली ईस्ट इंडियन रेल्वे. करारातल्या मुख्य अटी अशा होत्या:

- रेल्वेसाठी लागणारी जमीन सरकार फुकट देणार.
- भागधारकांच्या भांडवलावर वर्षाला ५ टक्के परताव्याची सरकारची हमी.
- कराराची मुदत ९९ वर्षं. २५ किंवा ५० वर्षांनी रेल्वे विकत घेण्याचा हक्क सरकारला.
- कंपनीला नको झालं तर ती सहा महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे सरकारच्या ताब्यात देऊ शकते आणि गुंतवलेलं भांडवल परत घेऊ शकते.

समजा, १०० पौंड भांडवलावर कंपनीने वर्षाला ३ पौंड कमावले. उरलेले २ पौंड सरकार देणार. कमाई ७ पौंड झाली, तर वरच्या २ पौंडांपैकी निम्मे सरकारने आधी भरलेल्या हमीच्या परतफेडीत जाणार आणि निम्मे भागधारकांना मिळणार. परतफेड पूर्ण झाली की पुढचा सगळा नफा कंपनीचा. म्हणजे भागधारकाच्या हातात कोणत्याही वर्षी ५ टक्क्यांपेक्षा कमी पडणारच नव्हतं.

अशी हमी द्यायची गरज का पडली?

भारतात रेल्वे चालेल की नाही, याची लंडनच्या गुंतवणूकदारांना खात्री नव्हती. घाट, पावसाळा, नद्यांवरचे पूल अशी कारणं पुढे केली जात होती. हमीशिवाय पैसा येत नव्हता. ब्रिटिश सरकारच्या कर्जरोख्यांवर तेव्हा साधारण ३ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळायचा. तितक्याच सुरक्षित गुंतवणुकीवर ५ टक्के म्हटल्यावर पैसा येऊ लागला.

सरकारलाही घाई होती. लष्कर वेगाने हलवायचं होतं, ब्रिटनमधल्या गिरण्यांना भारतातला कापूस हवा होता आणि तिथला तयार माल इथे विकायचा होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या १८५३ च्या प्रसिद्ध टिपणात हे हेतू स्पष्ट दिसतात.

मग खर्च का फुगला?

परतावा ठरलेला असेल तर काटकसर कोण करणार? कंपनी जितकं जास्त भांडवल खर्च करेल, तितक्या मोठ्या रकमेवर ५ टक्के मिळणार. डलहौसी यांचा अंदाज मैलाला सुमारे ८ हजार पौंडांचा होता. प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीच्याही पुढे गेला.

कामावर सरकारी अभियंत्यांची देखरेख होती, पण मूळ गणितच कंपनीच्या बाजूने होतं. भारत सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे हे उघडपणे मांडलं. ५ टक्के मिळणार म्हटल्यावर आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, गुंतवणूकदाराला फरक पडत नव्हता, असा त्यांच्या साक्षीचा आशय होता.

बोरघाटात काय झालं?

बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. ऐन भरात असताना या कामावर ४० हजारांहून जास्त मजूर होते. पटकी आणि तापाने हजारो मजूर दगावले. मजुरीवरून १८५९ मध्ये इथे दंगाही झाला.

इतका खर्च होऊनही सगळं काम पक्कं नव्हतं. १८६७ मध्ये याच घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. त्यानंतर जीआयपीच्या इतर बांधकामांच्या दर्जावरही प्रश्न उभे राहिले.

रुपया पडला, ओझं वाढलं

हमीचे पैसे लंडनमध्ये, पौंडांत द्यायचे होते. सरकारचं उत्पन्न मात्र रुपयांत होतं. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळपास २ शिलिंग मिळत. चांदीचे भाव कोसळले आणि १८९० च्या दशकात हा दर १ शिलिंग २ पेन्सच्या आसपास आला. तेवढेच पौंड पाठवायला कितीतरी जास्त रुपये लागू लागले.

भागधारकांमध्ये भारतीय एक टक्काही नव्हते. त्यामुळे व्याजाचा हा पैसा देशाबाहेरच जात होता. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आणि महाराष्ट्रातले अर्थतज्ज्ञ गणेश व्यंकटेश जोशी यांनी यावर टीका केली. दत्त यांचं म्हणणं होतं की, दुष्काळाच्या देशात रेल्वेपेक्षा पाटबंधाऱ्यांवर जास्त खर्च व्हायला हवा.

सरकारने मार्ग बदलला का?

हो, पण अर्धवट. नफा कंपन्यांचा आणि तोटा सरकारचा, ही तक्रार खुद्द व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांनीच केली. १८६९ नंतर सरकारने स्वतः रेल्वे बांधायला घेतली. खर्च कमी करण्यासाठी मीटर गेज आलं. मात्र दुष्काळ, युद्ध आणि पैशांची चणचण यामुळे १८८० च्या दशकात कंपन्या पुन्हा आल्या, या वेळी कमी दराच्या हमीवर.

जुन्या रेल्वे सरकारने हळूहळू विकत घेतल्या. ईस्ट इंडियन १८८० च्या सुरुवातीला, तर जीआयपी १९०० मध्ये. किंमत ठरली आधीच्या तीन वर्षांतल्या शेअरच्या सरासरी बाजारभावावरून. हमीमुळेच हे शेअर महाग झाले होते. म्हणजे स्वतः दिलेल्या हमीची किंमत सरकारने खरेदीच्या वेळी पुन्हा मोजली. जीआयपीचा कारभार प्रत्यक्ष सरकारच्या हातात यायला १९२५ उजाडलं.

म्हणजे रेल्वेचा फायदा झालाच नाही?

तसं नाही. १९०० पर्यंत देशात सुमारे ४० हजार किलोमीटर लोहमार्ग तयार झाला होता. वाहतूक स्वस्त झाली, वेगवेगळ्या भागांतले धान्याचे भाव एकमेकांच्या जवळ आले, मुंबईच्या गिरण्यांना कापूस आणि कामगार दोन्ही मिळाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे सरकारलाही नफा देऊ लागली. वाद रेल्वे हवी की नको याचा नव्हता. जोखीम कुणी घ्यायची आणि नफा कुणी न्यायचा, याचा होता.

स्वतंत्र भारतात कोकण रेल्वेसाठी वेगळी वाट निवडली गेली. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं. त्यात केंद्रासोबत महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ भागीदार झाले आणि बाकी मोठी रक्कम रोख्यांतून उभी राहिली. कर्जाचं ओझं इथेही होतं, पण तोटा सोसणारी सरकारं स्वतः मालकही होती.

आजही मेट्रो, महामार्ग किंवा महामंडळांच्या कर्जांना सरकार हमी देतं. हमी देताना तिजोरीतून लगेच पैसा जात नाही, म्हणून तिची फारशी चर्चा होत नाही. एखाद्या प्रकल्पाची बातमी वाचताना त्यात किती कोटींची गुंतवणूक आहे हे पाहतोच. अंदाज चुकला तर तूट कोण भरणार, हे करारात कसं लिहिलंय, तेही पाहायला हवं.