विदागार प्रशासकाच्या पासवर्डची पुनर्स्थापना

विदागार प्रशासकाच्या पासवर्डची पुनर्स्थापना ही विदागार सर्व्हरवरील सर्वोच्च अधिकार असलेल्या खात्याचा परवलीचा शब्द हरवला, विसरला किंवा माहीत असलेली व्यक्ती उपलब्ध नसली, तर त्या खात्यावर पुन्हा ताबा मिळवण्याची प्रक्रिया होय. विदागारास बोलीभाषेत डेटाबेस म्हणतात. महाविद्यालयाचे प्रवेश, पतसंस्थेची खाती, रुग्णालयातील रुग्णनोंदी अशी माहिती विदागारात साठवलेली असते. प्रशासक खात्यात प्रवेश करता आला नाही तरी नोंदी नष्ट होत नाहीत आणि दैनंदिन कामही बहुधा चालू राहते. परंतु नवे वापरकर्ते जोडणे, अधिकार काढून घेणे, पूर्ण बॅकअप घेणे व आवृत्ती बदलणे ही कामे अडून बसतात.

मायएसक्यूएल व मारियाडीबी यांत या खात्याचे नाव 'रूट', पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये बहुधा 'पोस्टग्रेस', मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसए', तर ओरॅकलमध्ये 'सिस' व 'सिस्टम' असे असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकांत पोस्टग्रेएसक्यूएलचा वापर झालेला आहे, तसेच त्या प्रणालीवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे कार्यालय पुण्यात आहे. त्यामुळे पुण्यातील विद्यार्थ्यांची या प्रश्नाशी गाठ बहुधा प्रयोगशाळेतच पडते.

पासवर्ड वाचता का येत नाही

हरवलेला पासवर्ड सर्व्हरमधून 'शोधून काढता' येईल, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. सर्व्हर मूळ पासवर्ड साठवत नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून मिळालेला 'हॅश' साठवतो. ही प्रक्रिया एकदिश असते. गव्हाचे पीठ करता येते, पिठाचे पुन्हा गहू करता येत नाहीत, तसेच हे आहे. वापरकर्त्याने पासवर्ड दिला की सर्व्हर त्याचे पुन्हा 'पीठ' करतो आणि ते साठवलेल्या पिठाशी जुळते का, एवढेच पाहतो.

रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीतील पासवर्ड सुरक्षेवर १९७९ साली लिहिलेल्या निबंधात ही पद्धत, तसेच प्रत्येक पासवर्डमध्ये यादृच्छिक अंश मिसळण्याची 'सॉल्ट' ही युक्ती विशद केली आहे. आजची विदागारे याच तत्त्वावर चालतात. पोस्टग्रेएसक्यूएलने २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीत 'स्क्रॅम-शा-२५६' ही पद्धत आणली व २०२१ सालच्या चौदाव्या आवृत्तीपासून ती मूलभूत निवड केली. मायएसक्यूएलच्या २०१८ सालच्या ८.० या आवृत्तीतही 'शा-२५६' वर आधारित पद्धत मूलभूत झाली.

याचा व्यवहारातील अर्थ असा की जुना पासवर्ड परत मिळत नाही. त्याच्या जागी नवा बसवावा लागतो. म्हणूनच या प्रक्रियेस 'पुनर्प्राप्ती' न म्हणता 'पुनर्स्थापना' म्हणणे अधिक नेमके ठरते.

मूळ तत्त्व

विदागार हा संगणकावर चालणारा एक कार्यक्रम असतो आणि त्याच्या फायली ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात असतात. ज्याच्याकडे त्या संगणकाचा सर्वोच्च अधिकार आहे, तो विदागार थांबवू शकतो, वेगळ्या सूचनांसह सुरू करू शकतो आणि त्याच्या मांडणीच्या फायली बदलू शकतो. पुढील सर्व पद्धती याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. यातून दोन निष्कर्ष निघतात: संगणकाचा ताबा असलेल्या अधिकृत व्यक्तीला विदागाराचा पासवर्ड हरवल्याने हताश होण्याचे कारण नाही, आणि सर्व्हर ठेवलेल्या खोलीचे कुलूप व त्या संगणकाचा स्वतःचा पासवर्ड विदागाराच्या पासवर्डइतकेच महत्त्वाचे आहेत.

आधी करावयाची तपासणी

प्रवेश नाकारला जाण्याचे कारण दरवेळी हरवलेला पासवर्ड हेच नसते. पुनर्स्थापनेसाठी अनेकदा सर्व्हर थांबवावा लागत असल्याने पुढील शक्यता प्रथम तपासतात.

संदेश नीट वाचणे: मायएसक्यूएलमध्ये त्रुटी क्रमांक १०४५ म्हणजे ओळख नाकारली गेली, २००२ किंवा २००३ म्हणजे सर्व्हरशी संपर्कच झाला नाही, १८६२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली. यांपैकी केवळ पहिल्या प्रकारात पासवर्डचा संशय घेता येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रवेश नाकारल्याचा क्रमांक १८४५६ असतो.

कळफलकाची भाषा: पासवर्ड टंकताना अक्षरे पडद्यावर दिसत नाहीत. कळफलक मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल तर रोमन अक्षरांऐवजी देवनागरी अक्षरे जातात आणि बरोबर पासवर्डही नाकारला जातो. मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांत ही शक्यता आधी पाहावी.

खात्याचे पूर्ण नाव: मायएसक्यूएलमध्ये वापरकर्त्याचे नाव व तो कोठून जोडला जातो ते ठिकाण मिळून खाते बनते. त्याच संगणकावरून येणारा 'रूट' आणि दुसऱ्या संगणकावरून येणारा 'रूट' ही दोन वेगळी खाती असून त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात.

पासवर्ड मुळात नसणे: मारियाडीबीच्या १०.४ या आवृत्तीपासून, तसेच उबुंटूवरील मायएसक्यूएलच्या नव्या आवृत्त्यांत, 'रूट' खात्याची ओळख ऑपरेटिंग सिस्टीमकडून पटवली जाते. तेथे 'सुडो' या आज्ञेसह प्रवेश केल्यास पासवर्ड विचारलाच जात नाही. उलट, मायएसक्यूएल ५.७ पासून स्थापनेच्या वेळी अनेक ठिकाणी एक तात्पुरता पासवर्ड आपोआप तयार होऊन त्रुटींच्या नोंदवहीत लिहिला जातो. नव्या स्थापनेत तो तेथे सापडतो.

प्रणालीनुसार पद्धती

मायएसक्यूएल

मायएसक्यूएलमध्ये वापरकर्ते व त्यांचे अधिकार 'मायएसक्यूएल' याच नावाच्या अंतर्गत विदागारातील तक्त्यांत असतात. सर्व्हर सुरू होताना हे तक्ते स्मृतीत वाचले जातात. पुनर्स्थापनेचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग 'इनिट-फाइल'चा. नवा पासवर्ड देणारी 'ऑल्टर यूजर' ही एक ओळ साध्या मजकूर फाइलमध्ये लिहितात, सर्व्हर थांबवतात आणि सुरू होताना ती फाइल वाचावी अशी सूचना देऊन पुन्हा सुरू करतात. सर्व्हर ती ओळ अमलात आणतो. त्यानंतर ती फाइल ताबडतोब नष्ट करावी, कारण नवा पासवर्ड तिच्यात उघड्या रूपात असतो. या मार्गात सर्व्हर एक क्षणही असुरक्षित राहत नसल्याने तो अधिक चांगला मानला जातो.

दुसरा मार्ग 'स्किप-ग्रँट-टेबल्स'चा. या सूचनेसह सुरू केलेला सर्व्हर अधिकारांचे तक्ते वाचतच नाही. त्यामुळे कोणीही पासवर्डशिवाय पूर्ण अधिकारांनिशी आत येऊ शकतो. ८.० आवृत्तीत ही सूचना दिल्यास नेटवर्कवरील जोडण्या आपोआप बंद होतात. जुन्या आवृत्त्यांत 'स्किप-नेटवर्किंग' ही सूचना स्वतंत्रपणे द्यावी लागते. आत गेल्यावर प्रथम 'फ्लश प्रिव्हिलेजेस' ही आज्ञा देऊन तक्ते वाचून घ्यावे लागतात; तोवर 'ऑल्टर यूजर' चालत नाही. पासवर्ड बदलल्यानंतर सर्व्हर थांबवून नेहमीच्या रीतीने सुरू करतात. ही अखेरची पायरी राहून गेली तर विदागाराचे दार उघडेच राहते.

जुन्या पुस्तकांत 'पासवर्ड' नावाचा स्तंभ थेट बदलण्याची आज्ञा आढळते. ५.७.६ आवृत्तीपासून तो स्तंभ राहिलेला नाही आणि 'पासवर्ड' हे फलनही ८.० मध्ये काढून टाकण्यात आले. त्यामुळे आपली आवृत्ती कोणती, हे पाहिल्याशिवाय कोणतीही आज्ञा उतरवून घेऊ नये.

पोस्टग्रेएसक्यूएल

कोणी, कोठून, कोणत्या पद्धतीने ओळख पटवावी याचे नियम 'पीजी-एचबीए' या मांडणी-फाइलमध्ये ओळीओळीने लिहिलेले असतात आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते. लिनक्सवरील अनेक स्थापनांत 'पीअर' ही पद्धत असते. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममध्ये 'पोस्टग्रेस' हा वापरकर्ता होऊन आत गेल्यास पासवर्ड लागत नाही.

तसे नसल्यास या फाइलची प्रत काढून ठेवतात आणि केवळ त्याच संगणकावरून होणाऱ्या जोडणीच्या ओळीत पद्धत तात्पुरती 'ट्रस्ट' करतात. त्यानंतर सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला सांगतात. त्यासाठी सर्व्हर थांबवावा लागत नाही व चालू जोडण्या तुटत नाहीत. आत जाऊन 'पीएसक्यूएल'मधील उलट-तिरकस रेघेने सुरू होणारी 'पासवर्ड' ही आज्ञा देतात. या आज्ञेत नव्या पासवर्डचा हॅश सर्व्हरकडे जाण्यापूर्वीच होतो, त्यामुळे तो नोंदवहीत उघडा उमटत नाही. शेवटी मूळ फाइल जागेवर ठेवून ती पुन्हा वाचवून घेतात. प्रशासकाचे खातेच चुकून पुसले गेले असेल, तर सर्व्हर थांबवून 'सिंगल' म्हणजे एकल-वापरकर्ता स्थितीत सुरू करून नवे खाते निर्माण करता येते.

मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर

सेवा थांबवून ती 'एम' या सूचकासह, म्हणजे एकल-वापरकर्ता स्थितीत, सुरू करतात. या स्थितीत विंडोजच्या स्थानिक 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' गटातील व्यक्तीला विदागाराचे पूर्ण अधिकार मिळतात. ती 'एसए'चा पासवर्ड बदलू शकते. एका वेळी एकच जोडणी शक्य असल्याने 'एसक्यूएल सर्व्हर एजंट' ही सेवा आधी बंद करावी, अन्यथा ती एकमेव जागा तीच अडवते.

ओरॅकल

ओरॅकलमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमच्या ठरावीक गटातील, बहुधा 'डीबीए' नावाच्या गटातील, वापरकर्ता पासवर्डशिवाय 'सिसडीबीए' म्हणून आत जाऊ शकतो आणि इतर खात्यांचे पासवर्ड बदलू शकतो. दूरस्थ जोडणीसाठीची पासवर्ड फाइल हरवल्यास ती 'ओराप्वड' या साधनाने नव्याने बनवतात.

पद्धतीची मर्यादा

वरील सर्व पद्धती ओळख पटवण्याच्या पासवर्डला लागू होतात. कूटबद्ध माहितीच्या किल्लीला लागू होत नाहीत. विदागाराच्या फायली किंवा बॅकअप कूटबद्ध केलेले असतील आणि त्यांची किल्ली हरवली असेल, तर संगणकाचा पूर्ण ताबा असूनही माहिती वाचता येत नाही. पासवर्ड हे दारावरचे पहारेकऱ्यासमोरचे ओळखपत्र आहे; किल्ली हरवणे म्हणजे पत्रावरची लिपीच विसरणे. म्हणून किल्लीची प्रत वेगळ्या, सुरक्षित ठिकाणी ठेवणे अपरिहार्य ठरते.

पुनर्स्थापनेनंतरची कामे

नवा पासवर्ड बसल्यावर काम संपत नाही. एखादे संकेतस्थळ किंवा रात्रीचा बॅकअप जुन्या पासवर्डने प्रशासक खाते वापरत असेल, तर तो मुकाट्याने बंद पडतो. बॅकअप थांबल्याचे एरवी तो लागेल त्या दिवशीच कळते. म्हणून पुनर्स्थापनेनंतर पहिला बॅकअप झाल्याची खात्री प्रत्यक्ष करून घ्यावी. तात्पुरते बदल मागे घेतले आहेत का, हे चुकीचा पासवर्ड देऊन पाहावे. तो नाकारला गेला, तरच दार पुन्हा बंद झाले असे समजावे.

घाईत पासवर्ड रिकामा ठेवण्याचा मोह घातक ठरतो. मे २००२ मध्ये पसरलेला 'स्पायडा' हा किडा ज्या एसक्यूएल सर्व्हरवर 'एसए'चा पासवर्ड रिकामा होता, नेमक्या त्यांच्यातच शिरत होता.

अधिकार व कायदा

हीच पद्धत मालकाच्या हाती दुरुस्ती असते आणि परक्याच्या हाती घुसखोरी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा संगणकाच्या प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे नुकसानभरपाईस पात्र आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे संस्थेच्या सर्व्हरवर पुनर्स्थापना करण्यापूर्वी लेखी परवानगी घेऊन दिनांक, वेळ व केलेले बदल नोंदवणे हिताचे असते.

पासवर्ड हरवला नसून कोणी बदलला असल्याचा संशय असेल, तर प्रश्न दुरुस्तीचा न राहता तपासाचा होतो. अशा वेळी नोंदवह्या पुसू नयेत. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारख्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे व नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. अनधिकृत प्रवेशाची किंमत पुण्याने पाहिलेली आहे: ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम काढली गेली. ती घटना हरवलेल्या पासवर्डची नव्हती.

प्रतिबंध

पासवर्ड एकाच व्यक्तीच्या स्मरणात असणे हे या अडचणीचे एक मोठे कारण आहे. २००८ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नेटवर्कचे पासवर्ड टेरी चाइल्ड्स या अभियंत्याने वरिष्ठांना देण्यास नकार दिला. त्याला अटक झाली आणि काही दिवसांनी त्याने ते तुरुंगातून महापौर गॅविन न्यूसम यांच्याकडे सोपवले. नेटवर्क त्या काळात चालू होते, पण ते हाताळण्याचा अधिकार शहराच्या हाती नव्हता. २०१० साली त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. निवृत्ती, बदली किंवा आकस्मिक मृत्यू यांमुळे कोणत्याही दुष्ट हेतूविना हीच स्थिती उद्भवू शकते.

यावर पुढील उपाय रूढ आहेत:

* पासवर्डची प्रत मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत किंवा पासवर्ड-व्यवस्थापकात ठेवणे, आणि ती उघडल्याची नोंद करणे.
* किमान दोन व्यक्तींना स्वतंत्र प्रशासक खाती देणे, म्हणजे एकीचा पासवर्ड दुसरीला बदलता येतो.
* कार्यभार सोपवतानाच्या यादीत किल्ल्या व शिक्के यांच्याबरोबर पासवर्डचाही समावेश करणे.
* दैनंदिन कामासाठी प्रशासक खाते न वापरता मर्यादित अधिकारांचे खाते वापरणे.
* पुनर्स्थापनेचा सराव वर्षातून एकदा चाचणी-सर्व्हरवर करणे आणि आपल्या आवृत्तीला लागू पडणाऱ्या पायऱ्या कागदावर लिहून ठेवणे.